सहयात्री आणि मंदिराचा उंबरठा : दक्षिण भारतातील तीर्थयात्रेचा सामाजिक इतिहास

सारांश

दक्षिण भारतातील तीर्थयात्रा ही प्रामुख्याने सोबतीने करावयाची यात्रा राहिली आहे. आप्त, मित्र, गावकरी, व्यवसायबंधू यांच्या संगतीने यात्रेकरू चिदंबरम, श्रीरंगम, मदुराई, रामेश्वर, तिरुपती, गुरुवायूर, शबरीमला या स्थानांकडे जात आले. परंतु वाटेवर जमलेली ही सोबत दोन ठिकाणी तुटत असे : जेवणाच्या पंगतीत आणि मंदिराच्या उंबरठ्यावर. प्रस्तुत निबंधात तमिळ संतचरित्रे, तंजावरच्या मराठी राजांची छत्रे, एकोणिसाव्या शतकातील एक प्रवासवृत्त, रेल्वेचे आगमन आणि १९२४ ते १९४७ या काळातील मंदिरप्रवेशाच्या चळवळी यांच्या आधारे या तुटण्याचा व सांधण्याचा मागोवा घेतला आहे. ज्याला आत जाण्याची मुभा होती, त्याने सोबत्याला बाहेर ठेवून आत जाण्यास नकार दिला, तेव्हा मंदिरप्रवेशाच्या प्रश्नाला नवे नैतिक बळ लाभले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : तीर्थयात्रा, सहयात्री, छत्र, पंक्तिप्रपंच, मंदिरप्रवेश, वैकम, तंजावर.

प्रस्तावना

तीर्थयात्रेचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष साधारणपणे तीर्थस्थानाकडे जाते. स्थानाचे माहात्म्य, मंदिराचे स्थापत्य, राजाश्रय, उत्सव व उत्पन्न यांवर विपुल लेखन झाले आहे. यात्रेकरू कोणाबरोबर निघाला, वाटेत कोणाबरोबर जेवला आणि मंदिराच्या दारात कोणाला सोडून आत गेला, हे प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिले. वास्तविक यात्रेचा सामाजिक आशय याच प्रश्नांत सामावलेला आहे. पूर्वीच्या काळी रस्ते असुरक्षित होते, नद्यांना पूल नव्हते आणि आजारपणात शुश्रूषा करणारे माणूस जवळ असणे अत्यावश्यक होते. त्यामुळे एकट्याने यात्रा करणारा बैरागी वगळता सामान्य गृहस्थ संगत जमल्याशिवाय घराबाहेर पडत नसे.

धर्मशास्त्रकारांनाही यात्रेतील या संमिश्र सहवासाची जाणीव होती. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या आपल्या बृहद्ग्रंथाच्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेचा विस्तृत परामर्श घेतला आहे. तीर्थात, विवाहप्रसंगी, यात्रेत, युद्धात आणि देशावर संकट आले असता स्पर्शास्पर्शाचा दोष मानू नये, अशा आशयाचे एक स्मृतिवचन निबंधकार उद्धृत करीत आले आहेत. म्हणजे वाटेवर सोवळे-ओवळे काहीसे शिथिल होऊ शकते, हे शास्त्रालाही मान्य होते. प्रत्यक्षात मात्र ही शिथिलता मंदिराच्या महाद्वारापाशी येऊन थांबत असे. वाट आणि उंबरठा यांमधील हे अंतर हाच प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

विवेचनासाठी तमिळ प्रदेश, केरळ आणि दक्षिण कर्नाटकाची किनारपट्टी यांतील निवडक उदाहरणे घेतली आहेत. महाराष्ट्राशी असलेला संबंध जेथे ऐतिहासिकदृष्ट्या प्रत्यक्ष आहे, तेथेच त्याचा निर्देश केला आहे.

संतचरित्रांतील सहयात्री

तमिळ भक्तिपरंपरेचा भूगोल संतांच्या पायी फिरण्यातून घडला. नायन्मार या शैव संतांनी व आळ्वार या वैष्णव संतांनी सुमारे सहाव्या ते नवव्या शतकांच्या दरम्यान गावोगावच्या देवस्थानांवर पदे रचली आणि त्या पदांमुळे ती स्थाने क्षेत्रे म्हणून प्रतिष्ठित झाली. वैष्णवांची १०८ दिव्यक्षेत्रे ही संकल्पना याच परंपरेतून आली. या संतांच्या कथांत सोबतीला लक्षणीय स्थान आहे.

पहिले तीन आळ्वार एकमेकांना कसे भेटले याची कथा प्रसिद्ध आहे. तिरुक्कोवलूर येथे पावसाळी रात्री एका अरुंद ओसरीत एक जण आडवा झाला होता. दुसरा आला, तेव्हा दोघे बसले. तिसरा आला, तेव्हा तिघे उभे राहिले. मग त्या अंधारात चौथ्या कोणाची तरी दाटी जाणवू लागली आणि तो साक्षात विष्णू होता, असे परंपरा सांगते. एकाने दुसऱ्यासाठी जागा करून देणे ही देवाच्या येण्याची पूर्वअट आहे, असा या कथेचा आशय लावता येतो.

शैव परंपरेत वयोवृद्ध अप्पर आणि बालसंत संबंदर यांची सहयात्रा तितकीच प्रसिद्ध आहे. ‘अप्पर’ म्हणजे वडील, हे संबोधन संबंदरांनीच दिले असे मानले जाते. वेदारण्यम येथील मंदिराचे मुख्य द्वार बंद असून लोक बाजूच्या वाटेने ये-जा करीत. अप्परांच्या पदांनी ते द्वार उघडले आणि संबंदरांच्या पदाने ते मिटले, त्यानंतर मुख्य द्वार सर्वांच्या नित्य वहिवाटीचे झाले, अशी कथा बाराव्या शतकातील सेक्किळार यांच्या ‘पेरियपुराणम्’ या ग्रंथात आली आहे. सुंदरर आणि चेर राजा चेरमान पेरुमाळ यांच्या मैत्रीचेही वर्णन या ग्रंथात आहे. सुंदररांना तर ‘ईश्वराचा सखा’ हीच उपाधी लाभली.

याच ग्रंथात जातिभेदाचा ताणही दिसतो. संबंदरांच्या यात्रेत तिरुनीलकंठ याळ्पाणर हा पाण जातीचा वादक पत्नीसह सतत बरोबर असे आणि त्यांच्या पदांना याळ या तंतुवाद्याची साथ करीत असे. पाण हे समाजात हीन लेखले जात. संबंदर तिरुनीलनक्कर या ब्राह्मणाच्या घरी उतरले असता या जोडप्याची निवासाची सोय कोठे करावी, हा प्रश्न निर्माण झाला. संबंदरांच्या सूचनेवरून यजमानाने त्यांना यज्ञवेदीजवळ जागा दिली आणि अग्नी अधिक तेजाने प्रज्वलित झाला, असे चरित्रकार सांगतो. येथे सोबत्याच्या आग्रहाने घराचा उंबरठा ओलांडला गेला.

मंदिराच्या उंबरठ्याच्या कथा मात्र वेगळ्या आहेत. उद्या चिदंबरमला जाईन असे म्हणत राहिलेला, म्हणून ‘तिरुनाळैप्पोवार’ हे नाव पावलेला नंदनार हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील शिवभक्त होता. चिदंबरमच्या मंदिरात जाण्यापूर्वी त्याला अग्नीतून शुद्ध होऊन ब्राह्मणरूपात बाहेर यावे लागले. श्रीरंगमच्या तिरुप्पाण आळ्वारांना लोकसारंग मुनींनी खांद्यावर बसवून मंदिरात नेले, असे वैष्णव परंपरा सांगते. दोन्ही कथांत भक्ताला प्रवेश मिळतो. एकात तो स्वतःची जात अग्नीत टाकून मिळतो, दुसऱ्यात त्याचे पाय मंदिराच्या भूमीला न लावता मिळतो. प्रवेश एका व्यक्तीपुरता आणि चमत्काराच्या बळावर असल्यामुळे त्याच्या जातिबांधवांची स्थिती बदलली नाही. रामानुजाचार्यांनी कर्नाटकातील मेलकोटे येथे अस्पृश्य मानलेल्या लोकांना वर्षातून ठरावीक तीन दिवस प्रवेश दिला, ही परंपरा या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण तेथे संपूर्ण समूहाचा विचार झाला होता. तथापि उरलेल्या दिवसांचा प्रश्न शिल्लकच राहिला.

महाराष्ट्रातील वाचकांस येथे चोखामेळ्याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पंढरीच्या वाटेवर संतमेळ्यात असलेल्या या संताला मंदिरात स्थान नव्हते आणि त्याची समाधीही महाद्वारासमोरच आहे. संतांची संगत आणि मंदिराची शिस्त यांतील ही विसंगती केवळ दक्षिणेची नव्हती.

तंजावरची छत्रे : निवारा, शिधा आणि पंगत

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी भोसले यांनी तंजावरची सत्ता घेतली आणि तेथे मराठी राजवटीचा आरंभ झाला. १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीच्या निधनानंतर ही राजवट संपुष्टात आली. या काळात तंजावरच्या राजांनी मंदिरांना दाने दिली, सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले आणि १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा मराठी इतिहास कोरविला. परंतु सामान्य यात्रेकरूच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत उपयुक्त कार्य म्हणजे रामेश्वराच्या वाटेवरील छत्रे होत.

छत्र म्हणजे यात्रेकरूंना निवारा व अन्न देणारी संस्था. मराठीतील ‘अन्नछत्र’ हा शब्द त्याच परंपरेतला आहे. तंजावरची अनेक छत्रे राजस्त्रियांच्या नावे उभारली गेली. नीडामंगलम येथील यमुनांबाळ छत्र आणि सरफोजी (दुसरे) यांच्या काळात ओरत्तनाडु येथे स्थापन झालेले मुक्तांबाळ छत्र ही त्यांतील प्रसिद्ध उदाहरणे होत. छत्रांच्या खर्चासाठी गावांचे उत्पन्न लावून दिलेले असे.

१७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. त्यानंतर छत्रांची गावे आपल्याकडेच राहावीत म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये ब्रिटिश रेसिडेंटला एक पत्र पाठविले. ते छत्रव्यवस्थेच्या अभ्यासाचे मोलाचे साधन आहे. ब्राह्मणापासून परैयापर्यंत सर्व जातींच्या वाटसरूंना, तसेच जोगी, जंगम, बैरागी यांना तेथे शिजविलेला भात मिळे. शिजविलेले अन्न घेण्याची ज्यांची इच्छा नसे, त्यांना तांदूळ, मसाला इत्यादी कोरडा शिधा दिला जाई. हे अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चाले आणि मग घंटा वाजवून, जो कोणी उपाशी असेल त्याने यावे, असा पुकारा केला जाई. आजारी वाटसरूवर औषधोपचार होत, गर्भवती स्त्रियांची काळजी घेतली जाई आणि वाटेत आईबाप गमावलेल्या मुलांचा सांभाळ होई. हे वर्णन आपल्या संस्थेची बाजू मांडणाऱ्या राज्यकर्त्याचे आहे, हे लक्षात घेऊनच ते वाचावे लागते. तरीही राजाने कोणत्या गोष्टी अभिमानास्पद मानल्या, हे त्यातून निश्चित कळते.

या पत्रातील शिजविलेला भात आणि कोरडा शिधा यांतील भेद सामाजिकदृष्ट्या बोलका आहे. कोणाच्या हातचे खावे व कोणाबरोबर बसावे, याचे नियम पाळणाऱ्याला ते पाळता यावेत अशी ही तरतूद होती. छत्राने कोणालाही उपाशी पाठविले नाही, पण सर्वांना एका पंगतीतही बसविले नाही. मराठीत ज्याला पंक्तिप्रपंच म्हणतात, तो दूर न करता भुकेचा प्रश्न सोडविण्याची ही पद्धत होती. चार दिवस एकाच वाटेने चालणारे दोन सोबती छत्रात आल्यावर वेगवेगळ्या चुलींपाशी जात. आपल्या काळाच्या मर्यादेत हे औदार्य मोठे होते, आणि मर्यादा त्या औदार्याच्या रचनेतच होती.

राज्य खालसा झाल्यावर छत्रांचा कारभार सरकारी यंत्रणेकडे गेला. दुसरीकडे नाट्टुकोट्टै चेट्टियारांसारख्या व्यापारी समाजांनी तीर्थक्षेत्री आपापल्या धर्मशाळा बांधल्या. पळणीला कावडी घेऊन जाणारी त्यांची पदयात्रा आजही प्रसिद्ध आहे. अशा संस्थांमुळे यात्रा सुकर झाली, परंतु सोबत पुष्कळदा जातीच्या चौकटीतच राहिली.

मित्राला लिहिलेली यात्रा

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील सहयात्रेचे दुर्मीळ चित्र एनुगुल वीरस्वामी यांच्या ‘काशीयात्रा चरित्र’ या तेलुगू ग्रंथात आढळते. मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दुभाषी म्हणून काम केलेले वीरस्वामी मे १८३० मध्ये काशीस निघाले आणि सप्टेंबर १८३१ मध्ये परतले. त्यांच्याबरोबर कुटुंबीय, सेवक, पालखीचे भोई असा सुमारे शंभर जणांचा तांडा होता. काशीपूर्वी त्यांनी तिरुपती, अहोबिलम, श्रीशैलम ही दक्षिणेतील क्षेत्रे पाहिली. वाटेतील गावे, पाणवठे, बाजार, मुक्काम आणि देवस्थानांतील व्यवस्था यांच्या नोंदी त्यांनी बारकाईने केल्या.

हे वृत्त त्यांनी मद्रासमधील आपले मित्र कोमलेश्वरपुरम श्रीनिवास पिळ्ळै यांना कळविले आणि वीरस्वामींच्या निधनानंतर १८३८ मध्ये पिळ्ळै यांनी ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. याचा अर्थ असा की दक्षिण भारतातील आधुनिक प्रवासवृत्ताच्या आरंभीच्या ग्रंथांपैकी एक मैत्रीमुळे सिद्ध झाला. प्रत्यक्ष बरोबर नसलेल्या मित्राला यात्रा घडविणे हा त्यामागील हेतू होता. त्याच वेळी या ग्रंथातून यात्रेचा आर्थिक पायाही दिसतो. शंभर माणसांचा तांडा पंधरा महिने चालविणे मूठभरांनाच शक्य होते. पालखी वाहणारे भोईही तीर्थक्षेत्री पोहोचत, परंतु सहयात्री म्हणून त्यांची गणना होत नसे. सोबत आणि चाकरी यांतील ही रेषा जुन्या यात्रावृत्तांचा अभ्यास करताना दृष्टिआड होता कामा नये.

आगगाडीचा डबा

१ जुलै १८५६ रोजी मद्रासमधील रोयापुरम येथून दक्षिण भारतातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. पुढील अर्धशतकात बहुतेक मोठी तीर्थक्षेत्रे लोहमार्गाला जोडली गेली. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी पांबनचा पूल खुला झाल्यावर रामेश्वर बेटावर आगगाडीने जाता येऊ लागले. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त झाले आणि पुलाचीही हानी झाली, पण तो अल्पावधीत दुरुस्त करण्यात आला. ६ एप्रिल २०२५ रोजी त्याच्या शेजारी बांधलेल्या नव्या पुलाचे उद्घाटन झाले.

रेल्वेने यात्रेचा काळ महिन्यांवरून दिवसांवर आणला. त्यामुळे नोकरी करणारा कारकून, शिक्षक, दुकानदार हे सुटीच्या दिवसांत मित्रांसह यात्रेस जाऊ लागले. शाळा, कचेरी आणि पेठ येथे जुळलेल्या मैत्रीला यात्रेत स्थान मिळाले. तिसऱ्या वर्गाच्या बाकावर कोणी कोणाशेजारी बसावे हे जात ठरवू शकत नव्हती, तिकीट ठरवीत होते.

तथापि गाडी स्थानकावर थांबली की जुनी व्यवस्था पुन्हा समोर येई. दक्षिणेतील अनेक स्थानकांच्या उपाहारगृहांत ब्राह्मण व ब्राह्मणेतर यांच्यासाठी स्वतंत्र जागा होत्या. पेरियार ई. वे. रामस्वामी यांच्या स्वाभिमान चळवळीने या भेदाविरुद्ध आवाज उठविला आणि १९४० च्या दशकाच्या आरंभी रेल्वेतील ही प्रथा बंद झाली. छत्रातील कोरडा शिधा आणि स्थानकावरील वेगळी खोली यांत एक शतकाहून अधिक अंतर असले, तरी त्यांमागील तत्त्व एकच होते.

वैकमचे तीन सोबती

मंदिरप्रवेशाचा संघर्ष विसाव्या शतकाच्या आधीच सुरू झाला होता. १८९७ मध्ये रामनाड जमिनदारीतील कमुदी येथील मंदिरात काही नाडारांनी प्रवेश केला. त्यावरून झालेला दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९०८ मध्ये निकाल नाडारांच्या विरुद्ध लागला. रूढीला न्यायालयाने कायद्याचे बळ दिले. त्यामुळे न्यायालयाबाहेरील मार्ग शोधणे क्रमप्राप्त झाले.

त्रावणकोर संस्थानातील वैकम येथे प्रश्न मंदिरात जाण्याचाही नव्हता. मंदिराभोवतालच्या सार्वजनिक रस्त्यांवरून चालण्यास अवर्णांना बंदी होती. टी. के. माधवन यांनी १९२३ च्या काकिनाडा काँग्रेसमध्ये हा प्रश्न मांडला आणि ३० मार्च १९२४ रोजी सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या दिवशी तीन स्वयंसेवक निषेधफलकाकडे चालत गेले. कुंजप्पी हे पुलय, बाहुलेयन हे ईळव, तर गोविंद पणिक्कर हे नायर होते. पोलिसांनी त्यांची जात विचारली. पणिक्करांना पुढे जाण्यास हरकत नव्हती, इतर दोघांना होती. पणिक्करांनी सोबत्यांना सोडून जाण्यास नकार दिला आणि तिघांनाही अटक झाली.

या घटनेचे महत्त्व केवळ प्रतीकात्मक नाही. रूढीची सारी शक्ती ही सोबत्यांना जातीनुसार वेगळे करण्यात होती. ज्याला परवानगी होती त्याने ती नाकारली, तेव्हा बंदी मोडण्याचा प्रश्न केवळ वगळलेल्यांचा राहिला नाही. संतकथेतील मुनीने भक्ताला खांद्यावर घेऊन नेले होते. वैकमच्या रस्त्यावर कोणी कोणाला उचलले नाही. तिघे आपापल्या पायांनी गेले आणि तिघांनी एकच परिणाम स्वीकारला.

पुढील वीस महिने हा लढा चालला. पेरियार यांनी त्यात भाग घेऊन कारावास भोगला. त्यांच्या पत्नी नागम्मै व भगिनी कण्णम्माळ यांनीही सहभाग घेतला. नोव्हेंबर १९२४ मध्ये मन्नत्तु पद्मनाभन यांच्या नेतृत्वाखाली सवर्णांची पदयात्रा वैकमहून तिरुवनंतपुरमला गेली आणि सुमारे २५,००० सह्यांचे निवेदन राजप्रतिनिधी महाराणी सेतु लक्ष्मीबाई यांना देण्यात आले. फेब्रुवारी १९२५ मध्ये विधिमंडळातील रस्ते खुले करण्याचा ठराव २१ विरुद्ध २२ मतांनी फेटाळला गेला. मार्च १९२५ मध्ये महात्मा गांधींनी वैकमला भेट दिली. अखेर नोव्हेंबर १९२५ मध्ये तडजोड होऊन तीन बाजूंचे रस्ते सर्वांना खुले झाले, पूर्वेकडील रस्ता मात्र बंद राहिला. यश अपुरे होते, परंतु सवर्णांची देवालयाच्या वाटेवरील पदयात्रा प्रथमच इतरांच्या हक्कासाठी निघाली होती.

गुरुवायूर, मदुराई आणि कायदा

१ नोव्हेंबर १९३१ रोजी गुरुवायूर येथे के. केळप्पन यांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. त्यासाठी उत्तर मलबारातून स्वयंसेवकांचा जथा पायी आला. ए. के. गोपालन हे स्वयंसेवकांचे प्रमुख होते. सप्टेंबर १९३२ मध्ये केळप्पन यांनी उपोषण आरंभिले आणि गांधीजींच्या सांगण्यावरून ते स्थगित केले. त्यानंतर पोन्नानी तालुक्यात मंदिरात जाण्याचा हक्क असलेल्या हिंदूंचे मत अजमाविण्यात आले, तेव्हा सुमारे ७७ टक्के मते प्रवेशाच्या बाजूने पडली. तरीही मंदिराची दारे तेव्हा उघडली नाहीत.

१२ नोव्हेंबर १९३६ रोजी त्रावणकोरचे महाराज चित्तिरा तिरुनाळ बलराम वर्मा यांनी मंदिरप्रवेशाची घोषणा करून संस्थानातील सरकारी मंदिरे सर्व हिंदूंना खुली केली. तमिळ प्रदेशात ८ जुलै १९३९ रोजी ए. वैद्यनाथ अय्यर यांनी पी. कक्कन व इतर सहकाऱ्यांसह मदुराईच्या मीनाक्षी मंदिरात प्रवेश केला. या छोट्या गटात दलित आणि नाडार दोन्ही होते. कक्कन पुढे मद्रास राज्याच्या मंत्रिमंडळात गेले. मंदिरातील काही पुजाऱ्यांनी बहिष्कार घातला, पण प्रवेश मागे घेतला गेला नाही. राजाजींच्या मंत्रिमंडळाने त्याच वर्षी या प्रवेशाला कायद्याचे संरक्षण दिले. १९४७ च्या मद्रास मंदिरप्रवेश कायद्याने प्रांतातील हिंदू मंदिरे सर्व हिंदूंना खुली झाली आणि गुरुवायूरचा प्रश्नही सुटला. त्याच वर्षी मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरासाठी उपोषण केले, हा योगायोग मानण्यापेक्षा एकाच प्रवाहाचा भाग मानणे अधिक योग्य ठरेल.

या प्रवाहाकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकर वेगळ्या दृष्टीने पाहत होते. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला होता. परंतु फेब्रुवारी १९३३ मध्ये केंद्रीय विधिमंडळातील मंदिरप्रवेश विधेयकावर निवेदन काढताना त्यांनी त्याला पाठिंबा दिला नाही. मंदिरप्रवेश हे अंतिम ध्येय आहे की सामाजिक समतेची पहिली पायरी आहे, हा त्यांचा प्रश्न होता. चातुर्वर्ण्य व जातिभेद कायम ठेवून दार उघडणे त्यांना पुरेसे वाटत नव्हते. प्रस्तुत विषयाच्या संदर्भात हा प्रश्न निर्णायक आहे. दर्शनाच्या रांगेत शेजारी उभे राहणारे दोघे बाहेर आल्यावर एका पंगतीत बसणार नसतील, तर सोबत पुरी झाली असे म्हणता येत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात राज्यघटनेच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि अनुच्छेद २५ ने सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धार्मिक संस्था सर्व हिंदूंना खुल्या करण्याचा अधिकार राज्याला दिला. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील मुल्की येथील वेंकटरमण मंदिराचा खटला या संदर्भात महत्त्वाचा ठरला. हे मंदिर गौड सारस्वत ब्राह्मणांचे होते. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज गोमंतकातून दक्षिणेकडे गेले होते. आपले मंदिर एका संप्रदायाचे असल्याने सर्वांना प्रवेश देण्याचे बंधन आपल्यावर नाही, असा विश्वस्तांचा दावा होता. नोव्हेंबर १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व हिंदूंच्या प्रवेशाचा हक्क मान्य केला, मात्र काही विशिष्ट विधींच्या वेळी उपस्थिती संप्रदायाच्या लोकांपुरती मर्यादित ठेवण्याची मुभा दिली. न्यायालयाने उंबरठा काढला, पण आत काही दालने राखून ठेवली.

शबरीमला : समतेचे व्रत आणि त्याच्या सीमा

आधुनिक काळात मित्रमंडळींसह केल्या जाणाऱ्या यात्रेचे सर्वांत ठळक उदाहरण शबरीमलाचे आहे. यात्रेकरू माळ धारण करतो, ४१ दिवसांचे व्रत पाळतो आणि अनुभवी गुरुस्वामीच्या मार्गदर्शनाखाली, डोक्यावर इरुमुडी घेऊन, गटाने निघतो. व्रतकाळात प्रत्येक जण दुसऱ्याला ‘स्वामी’ असे संबोधतो. नाव, जात, हुद्दा मागे पडतो. एकाच कारखान्यातील कामगार, एकाच गल्लीतील मित्र किंवा एकाच कचेरीतील साहेब व शिपाई एका गटात असू शकतात. एरुमेलीला अय्यप्पाचा मुसलमान सखा मानल्या गेलेल्या वावर याच्या नावाच्या मशिदीत यात्रेकरू नमन करतात. मैत्रीची स्मृती यात्रेच्या विधीतच गुंफलेली असल्याचे हे उदाहरण आहे.

के. जे. येसुदास यांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या या गायकाच्या आवाजातील अंगाईस्वरूप स्तोत्राने शबरीमलाच्या मंदिराची दारे रात्री मिटतात आणि ते स्वतः तेथे दर्शनासही गेले आहेत. गुरुवायूरचे मंदिर मात्र त्यांना अहिंदू म्हणून बंद राहिले. एकाच प्रदेशातील दोन क्षेत्रांत उंबरठ्याचे नियम इतके भिन्न असू शकतात.

शबरीमलाच्या समतेलाही सीमा आहे. १० ते ५० या वयोगटातील स्त्रियांना तेथे प्रवेश नसल्याने ही सोबत प्रामुख्याने पुरुषांची राहिली. १९९१ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ही बंदी ग्राह्य धरली. २८ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ती रद्द केली. भिन्नमत देणाऱ्या न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा या त्या पीठातील एकमेव स्त्री होत्या. पुनर्विलोकनाच्या अर्जांवर नोव्हेंबर २०१९ मध्ये व्यापक प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आले. जातीच्या संदर्भात जो प्रश्न वैकमच्या रस्त्यावर उभा राहिला होता, तोच येथे लिंगभेदाच्या संदर्भात उभा आहे. दोन्ही बाजूंना श्रद्धावान स्त्रिया होत्या, ही वस्तुस्थिती त्याचे गांभीर्य वाढविते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

पहिला, दक्षिण भारतातील तीर्थयात्रेची वाट ही तिच्या अंतिम स्थानापेक्षा बहुधा अधिक सर्वसमावेशक राहिली. संतांची भ्रमंती, छत्रे, आगगाडी या प्रत्येक टप्प्यावर भिन्न जातींची माणसे जवळ आली. पण जवळ येणे आणि बरोबरीचे होणे यांत अंतर होते व ते पंगतीत आणि उंबरठ्यावर उघड होई.

दुसरा, परोपकार आणि समता या स्वतंत्र गोष्टी आहेत. तंजावरच्या छत्रांनी मध्यरात्री घंटा वाजवून उपाशी माणसाला बोलाविले, ही मानवतेची मोठी परंपरा आहे व मराठी राजवटीचा तो अभिमानास्पद वारसा आहे. तथापि त्या परंपरेने पंक्तिप्रपंचाला धक्का लावला नाही. वारशाचे मूल्यमापन करताना दोन्ही बाजू एकत्रच मांडाव्या लागतात.

तिसरा, मंदिरप्रवेशाच्या इतिहासात वगळलेल्यांचा निर्धार हा मूलभूत होताच. त्यास जोड मिळाली ती आत जाण्याचा अधिकार असलेल्यांच्या नकाराची. गोविंद पणिक्कर यांचा नकार आणि वैद्यनाथ अय्यर यांचा सहप्रवेश ही त्याची दोन रूपे होत. कायद्याने नंतर जे सार्वत्रिक केले, ते आधी काही सोबत्यांनी आचरणात आणले होते.

चौथा, हा इतिहास पूर्ण झालेला नाही. डॉ. आंबेडकरांनी उपस्थित केलेला समतेचा प्रश्न आणि शबरीमलाच्या निमित्ताने पुढे आलेला स्त्रियांच्या सहभागाचा प्रश्न अद्याप उत्तराच्या प्रतीक्षेत आहेत. तीर्थयात्रेच्या अभ्यासकाने मंदिरांची शिखरे व शिलालेख यांबरोबरच महाद्वारापाशी कोण थांबले आणि त्यांच्यासाठी कोण थांबले, याचीही नोंद ठेवली पाहिजे. त्या नोंदीखेरीज यात्रेचा सामाजिक इतिहास अपुरा राहील.